बोल सोसायचे, पण कोणते?

कनेरगाव नाका : हिंगोलीहून वाशीमकडे निघाले की कनेरगाव लागते. पुढे पैनगंगा ओलांडली की मराठवाडा मागे पडतो आणि विदर्भ सुरू होतो. दोन मुलखांच्या शिवेवरचे हे गाव. त्यामुळे नाक्यावरच्या टपरीवर दोन्हीकडची माणसे चहाला टेकतात. आधी पाऊसपाण्याचे बोलणे होते, मग सोयाबीनच्या भावाचे. तिसरी गोष्ट हमखास निघते ती कोण कोणाला काय बोलले याची. अमक्याचा ग्रामसभेत पाणउतारा झाला, तमक्याला सोयरिकीत टोमणा बसला, फलाण्याला बँकेत साहेबाने सगळ्यांदेखत झापले.

शेतकरी बंधूंनो, ही गोष्ट किरकोळ समजू नका. जरा हिशेब मांडून पाहा. एकदा अपमान झाला म्हणून पुढच्या सभेला न येणारा सदस्य प्रत्येक गावात सापडतो. त्याच्या वॉर्डातली नाली मग तशीच राहते. बँकेत बोलणी खाल्ली म्हणून पीककर्जाचे नवे-जुने करायला न गेलेला शेतकरी व्याजाच्या सवलतीला मुकतो आणि सावकाराच्या दारात उभा राहतो. बांधावर एक शब्द वावगा निघाला म्हणून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा करतात. जमिनीची किंमत होत नाही एवढा खर्च वकिलावर होतो. शब्दाला पैसा पडत नाही म्हणतात, पण खेड्यात सगळ्यात महाग शब्दच पडतो.

मग करायचे काय? कुणी म्हणेल, "कानाडोळा करा." कुणी म्हणेल, "ऐकून घेऊ नका, तिथल्या तिथे ठेवून द्या." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. कोणता बोल घ्यायचा, कोणता सोडायचा आणि कोणता मुळीच खपवून घ्यायचा नाही, हे ज्याला ओळखता येते त्याचेच मन पक्के म्हणायचे.

नामदेवांचे कच्चे मडके

यासाठी लांब जायला नको. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून आपण ज्याला मानतो ते नर्सी आपल्याच हिंगोली तालुक्यात, कयाधूच्या काठी आहे. त्यांचे जन्मसाल परंपरेने १२७० धरतात. त्यांची एक गोष्ट वारकऱ्यांच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. संतमंडळी जमली होती. मुक्ताईने गोरोबाकाकांना विचारले, यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती? गोरोबा तेरचे कुंभार. त्यांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे गप्प बसले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला, ते चिडले. गोरोबांनी निकाल दिला, हे मडके कच्चे.

नामदेव गाऱ्हाणे घेऊन पंढरपूरला विठ्ठलाकडे गेले. तिथेही पाठीवर हात फिरला नाही, गुरू कर असे सांगणे झाले. मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे आले आणि त्यांचे शिष्य झाले. हे विसोबा तरी कोण? ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना एके काळी नाही नाही ते बोलणारे, त्यांना छळणारे विसोबा चाटी ते हेच, असे परंपरा सांगते. म्हणजे काल निंदा करणारा माणूस उद्या गुरूच्या जागी बसू शकतो. आज जो आपल्याला बोलला त्याचे तोंड जन्मभर पाहणार नाही, अशी शपथ घेण्याआधी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्याकडे कमी सांगतात. नामदेव पुढे उत्तरेत पंजाबापर्यंत गेले. तिथे घुमान गावी त्यांचे मोठे स्थान आहे. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांच्या ६१ रचना आहेत. त्यांपैकी एका रचनेत त्यांनी स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगितला आहे. हीन जातीचा म्हणून त्यांना भजन करता करता देवळातून उठवून लावले. त्यांनी घोंगडी उचलली, देवळाच्या मागे जाऊन बसले आणि नामस्मरण चालू ठेवले. देऊळच मग त्यांच्याकडे फिरले, असा त्या रचनेचा शेवट आहे. औंढ्याच्या देवळाबद्दलही हीच कथा आपण ऐकत आलो आहोत.

चमत्कार खरा की खोटा हा वाद इथे घालायचा नाही. माणूस कसा बदलला ते बघा. आधी आपल्याच माणसाने परीक्षेसाठी मारलेले एक थापटणे सहन झाले नाही. नंतर त्याहून शंभरपट मोठा अपमान झाला, तरी भजन थांबले नाही. आणि तो अपमान त्यांनी मुकाट गिळलाही नाही. काय झाले ते सांगून ठेवले, म्हणून तर सातशे वर्षांनी आपल्याला ते कळते.

मन घट्ट करणे म्हणजे निगरगट्ट होणे नव्हे, हा यातला धडा. निगरगट्ट माणसाला काही लागतच नाही, म्हणून तो सुधारतही नाही. भाजलेले मडके टिचकी मारली की खणखणीत वाजते, पण फुटत नाही आणि पाणीही धरते. आपल्याला तसे व्हायचे आहे.

मनाच्या नाक्यावर तीन गाड्या

कनेरगावच्या नावातच नाका आहे, तेव्हा त्याचाच दाखला घेऊ. नाक्यावर गाडी थांबवतात, आत काय भरले आहे ते पाहतात आणि मग ठरवतात. कुणी काही बोलले की तो बोल थेट काळजात सोडू नका. आधी नाक्यावर थांबवा आणि आत काय आहे ते बघा. तीन प्रकारच्या गाड्या सापडतील.

पहिली मालाची गाडी. समजा, भर सभेत कुणी ओरडले, "सरपंच, पाइपलाइनचे पैसे खाल्ले काय? आमच्या आळीत महिना झाला पाणी नाही!" यात दोन वाक्ये आहेत. पहिले झोंबणारे आहे, दुसरे कामाचे. आपण काय करतो? पहिल्या वाक्यावर भांडत बसतो आणि दुसरे तसेच राहते. पाणी नाही हे खरे असेल तर बोलणाऱ्याची भाषा कितीही वाईट असो, माल खरा आहे. तो उतरवून घ्या आणि पोते तेवढे परत करा. "पैशाचा हिशेब मांडतो. आधी सांगा, कोणत्या आळीत, कधीपासून पाणी नाही?" एवढे विचारले की निम्मी आग तिथेच विझते.

दुसरी रिकामी गाडी. "तुझ्या बापाला जमलं नाही, तू काय दिवे लावणार!" शेतात नवे काही करणाऱ्याला हे ठरलेले ऐकावे लागते. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरा, घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासून पेरा, नाहीतर मुलीला तालुक्याच्या कॉलेजात घाला, बोलणारे बोलतातच. उचलली जीभ लावली टाळ्याला. अशा बोलण्यात दुरुस्त करण्याजोगे काहीच नसते. त्याला उत्तर देणे म्हणजे रिकाम्या गाडीचे भाडे आपल्या खिशातून भरणे. ती जाऊ द्या. शेताचे उत्तर शेत देईल, आणि पहिल्या वर्षी नाही जमले तरी दुसऱ्या वर्षी काय बदलायचे ते तुम्हाला कळलेले असेल, बोलणाऱ्याला नाही.

तिसरी बेकायदा मालाची गाडी. जातीवरून चारचौघांत हिणवणे, बाईमाणसाच्या अब्रूवर बोलणे, जिवे मारण्याची धमकी देणे, हे टीकेत मोडत नाही. इथे सोसणे हा गुण नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांदेखत जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. भांडण पेटावे म्हणून मुद्दाम अपमान करणे आणि बाईच्या लज्जेला धक्का लागेल असे बोलणे, हे दोन्ही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हेच आहेत. अशा वेळी तारीख, वेळ, जागा आणि कोण हजर होते ते लिहून ठेवावे आणि पोलीस ठाणे गाठावे. "जाऊ दे, गावातलाच आहे," म्हणून मिटवायला सांगणाऱ्यांनी आपण कोणाच्या बाजूने बोलतो आहोत याचा विचार करावा.

पहिला क्षण सांभाळा

हे सगळे घरी बसून वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्ष कुणी तोंडावर बोलले की कान तापतात, छाती धडधडते, हात थरथरतात. त्या वेळी डोके चालत नाही, जीभ तेवढी चालते. म्हणून पहिला क्षण टाळणे हेच खरे काम. जुनी माणसे पाण्याचा तांब्या पुढे करायची त्यात शहाणपण होते. उभे असाल तर बसा, दोन घोट पाणी प्या, श्वास सावकाश सोडा. मग उत्तराऐवजी एक प्रश्न विचारा : कोणते काम? कोणती तारीख? किती रुपये? खरी तक्रार असणारा माणूस तपशील देतो. नुसता खुन्नस काढणारा अडखळतो आणि ऐकणाऱ्या चार माणसांनाही फरक कळतो.

तरीही राग मावळला नाही तर, "उद्या सकाळी दहाला या, कागद घेऊन बसू," एवढेच बोला आणि दुसऱ्या दिवशी दहाला खरोखर बसा. रात्री मोबाईलवर गावाच्या ग्रुपमध्ये लांबलचक उत्तर टाकू नका. तोंडातला शब्द हवेत विरतो, लिहिलेला मात्र राहतो आणि पुढे ठाण्यात पुरावा म्हणूनही निघतो.

सरपंच आणि कर्मचाऱ्यांनी हे पाहावे

सरपंच, सदस्य, तलाठी, कृषी सहायक, आणि २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हटले जाणारे आपले ग्रामसेवक, या मंडळींना बोलणी खाणे कामातच आले. घरकुलाच्या यादीत नाव नाही, पीकविमा आला नाही, पंचनाम्यात शेत सुटले, यातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या हातात नसतात, पण शिव्या त्यांनाच. हे अवघड आहे, कबूल. पण दोन गोष्टी तुमच्याच हातात आहेत.

पहिली गोष्ट, प्रश्न विचारणे हा गावकऱ्यांचा हक्क आहे हे मनापासून मानणे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभा त्यासाठीच दिली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर मागता येते. माहितीचा अर्ज आला की "माझ्यावर संशय घेतला" असे वाटून घेणारा कर्मचारी आधीच अर्धा हरलेला असतो. अर्ज हे थापटणे समजा. हिशेब पक्का असेल तर आवाज खणखणीत येईल.

दुसरी गोष्ट, विचारण्याआधी सांगणे. कोणत्या कामाला किती निधी आला, किती खर्च झाला, काम कुठे अडले, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लावून टाका. घरकुलाच्या यादीत कोण का बसले नाही त्याचे कारण नावापुढे लिहा. अंधारात संशय वाढतो आणि संशयातून शिवी येते. सभेत कुणी आरोप केला तर तो कार्यवृत्तात नोंदवा आणि त्याचे उत्तरही पुढच्या सभेत नोंदवा. जो कागदाने बोलतो त्याला ओरडावे लागत नाही.

बाई सरपंच झाली की

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि गावच्या कारभारात बायकांना एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. जागा मिळाल्या, पण बोलणी थांबली नाहीत. खुर्चीवर बाई बसली की कारभारावर कमी आणि तिच्या वागण्या-बोलण्यावर, कपड्यांवर जास्त बोलले जाते. "मालकाला विचारून सही करा," असे हसत हसत म्हणणारेही आहेत.

अशा भगिनींनी सावित्रीबाई फुले यांची आठवण ठेवावी. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा शाळेत जाता-येता त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई. त्या सोबत दुसरे लुगडे घेऊन निघत, शाळेत गेल्यावर बदलत आणि शिकवायला उभ्या राहत. फेकणाऱ्यांशी रस्त्यात भांडत बसल्या असत्या तर शाळेची वेळ टळली असती, आणि फेकणाऱ्यांना तेच तर हवे होते. तुमच्यासाठी दुसरे लुगडे म्हणजे तयारी. सभेचा अजेंडा स्वतः वाचून जा, सही करण्याआधी कागद समजून घ्या, सोबत दोन-चार जाणत्या बायका बसवा. आणि बोलणे अब्रूवर गेले तर वर सांगितलेली तिसरी गाडी ध्यानात ठेवा.

थकबाकी म्हणजे गुन्हा नव्हे

आता सगळ्यात नाजूक विषय. मार्चअखेर आली की वसुलीची माणसे दारात उभी राहतात. शेजारी बघतात, पोरे विचारतात. कर्जापेक्षा ही लाज माणसाला जास्त पोखरते.

बंधूंनो, कर्ज थकणे ही पैशाची अडचण आहे. पाऊस गेला, भाव पडला, आजारपण निघाले, ही त्याची कारणे. ती तुमच्या माणूसपणाची किंमत नव्हे. बँकेचे देणे आहे हे खरे आणि ते फेडायचेही आहे. म्हणून तोंड चुकवू नका, स्वतःहून जा, पुनर्गठन बसते का, एकरकमी तडजोड होते का ते विचारा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. पण वसुलीच्या नावाखाली कुणी मानहानी करू लागला तर तेही सोसायचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार वसुलीसाठी धमकावणे, शिवीगाळ करणे, चारचौघांत अपमान करणे मना आहे. थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यालाही मनाई केली आहे. तक्रार आधी त्या बँकेकडेच लेखी करावी आणि पोच घ्यावी. बेकायदा सावकार छळत असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज देता येतो.

आपल्या जिभेचे काय?

आपण सगळे बोल खाणारे आहोत तसे बोलणारेही आहोत, हे विसरून चालणार नाही. खिडकीवर आलेल्या म्हाताऱ्याला "कितीदा सांगायचं तुला!" म्हणणारा बाबू, मजुराला अरे-तुरे करणारा मालक, जेवायला बसलेल्या तरण्या पोराला "तुझ्यानं काही होणार नाही" म्हणणारा बाप. हे शब्द बोलणारा तासाभरात विसरतो, ऐकणारा मात्र विसरत नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे खरे, पण टाकी कुठे आणि किती मारायची हे पाथरवट जाणतो. नुसता घण घातला तर दगडाचे तुकडेच होतात. चूक दाखवायची तर कामाची दाखवा, माणसाची नको. आणि शक्य तो बाजूला घेऊन सांगा. एकट्याला सांगितलेले सुधारते, सगळ्यांदेखत सांगितलेले सलते.

मन खचले तर एकटे राहू नका

एवढे करूनही कधी कधी बोल आत रुततो. झोप उडते, जेवण जात नाही, माणूस लोकांत मिसळायचे टाळतो, "माझा सगळ्यांना भारच झालाय," असे बोलू लागतो. घरच्यांनी हे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट मन मोकळे व्हायला वाट मिळते. फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार मिळतात. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो फुकट आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो. नामदेवांसारखा माणूसही कच्चा ठरला तेव्हा एकटा पक्का झाला नाही, त्याला विसोबांकडे जावे लागले. मग आपण कुणाकडे गेलो तर त्यात कमीपणा कसला?

शेवटी एकच सुचवावेसे वाटते. पुढच्या ग्रामसभेला जाताना घरून एक वही न्या. जो कुणी तुमच्याविरुद्ध बोलेल त्याच्या बोलण्यातली कामाची गोष्ट तेवढी लिहून घ्या, बाकीची कोरी सोडा. सभा संपल्यावर त्या वहीत जे उरले असेल तेवढेच तुमचे. त्यातले एक काम आठवड्यात करून टाका आणि ज्याने ते बोलून दाखवले त्याला, मग तो विरोधी पॅनलचा का असेना, स्वतः जाऊन सांगा, "भाऊ, तुम्ही बोललात ते झालं."